कचरा नव्हे, अडगळ : पुनरावृत्त डीएनएच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

गोषवारा

जीनोमचा आकार, डीएनए-अनुक्रमाची जटिलता आणि पुनरावृत्त डीएनए या तीन संकल्पनांची पदवी वर्गांच्या अध्यापनात वारंवार सरमिसळ होते. 'जंक डीएनए' या संज्ञेसाठी मराठीत रूढ झालेले 'कचरा', 'टाकाऊ', 'निरुपयोगी' हे प्रतिशब्द ही सरमिसळ वाढवतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. १९५२ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या रेणवीय कारणांचा आधार घेऊन या प्रतिशब्दांची, तसेच 'जीनोममधील काहीही निरुपयोगी नाही' या अलीकडील उलट दाव्याची चिकित्सा येथे केली आहे आणि 'अडगळ' या मराठी शब्दाचा पर्याय सुचवला आहे.

बीजसंज्ञा : जीनोम-आकार, सी-मूल्य विरोधाभास, पुनरावृत्त डीएनए, आलू अनुक्रम, बॉम्बे रक्तगट, वैज्ञानिक परिभाषा.

१. प्रस्तावना

कांद्यापासून डीएनए वेगळा करण्याचा प्रयोग अनेक महाविद्यालयांत पदवीच्या आरंभीच करून घेतला जातो. दादरच्या मंडईतून आणलेला कांदा, मीठ, भांडी घासण्याचा द्रवरूप साबण आणि थंडगार अल्कोहोल एवढ्या सामग्रीवर परीक्षानळीत पांढऱ्या तंतूंचा पुंजका तरंगू लागतो. विद्यार्थ्याला डीएनएचे प्रथमदर्शन घडते ते असे. परंतु याच नळीकडे पाहून एखादा चिकित्सक विद्यार्थी असा प्रश्न विचारतो, की कांद्याच्या पेशीत माणसाच्या पेशीपेक्षा अधिक डीएनए असतो हे खरे काय? ते खरे आहे. मानवी जीनोममध्ये सुमारे ३.१ अब्ज बेस-जोड्या आहेत, तर कांद्याच्या जीनोममध्ये सुमारे १६ अब्ज. मग कांदा माणसाच्या पाचपट 'प्रगत' ठरतो काय, असा पुढचा प्रश्न ओघानेच येतो. त्यावर आपण अध्यापक बहुधा एका वाक्यात उत्तर देतो : उरलेला सारा कचरा असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हे उत्तर आहे. ते सर्वस्वी चूक नाही. मात्र ते ज्या शब्दात दिले जाते, तो शब्द विद्यार्थ्याच्या मनात एक निर्णय पक्का करून टाकतो. पुढे तोच विद्यार्थी वृत्तपत्रात 'कचरा डीएनए कचरा नव्हताच' असे वाचतो आणि पहिल्या चुकीच्या जागी दुसरी चूक स्वीकारतो. एका शब्दाच्या निवडीवर एवढे अवलंबून असेल, तर त्या शब्दाची तपासणी करणे हे भाषेच्या अध्यापकाइतकेच विज्ञानाच्या अध्यापकाचेही कर्तव्य ठरते.

२. आकार आणि जटिलता

प्रथम आकाराचा विचार करू. एका जातीच्या सर्व पेशींत गुणसूत्रांच्या एका संचामागे डीएनएचे प्रमाण साधारणतः स्थिर असते. त्याला 'सी-मूल्य' म्हणण्याची प्रथा ह्यूसन स्विफ्ट यांनी १९५० साली पाडली. हे मूल्य सजीवाच्या रचनेतील गुंतागुंतीशी मेळ खात नाही, असे मोजमापे हाती येताच लक्षात आले आणि १९७१ साली सी. ए. टॉमस यांनी या विसंगतीला 'सी-मूल्य विरोधाभास' असे नाव दिले. आज उपलब्ध असलेल्या मापनांनी ही विसंगती अधिकच ठळक केली आहे. भाताचा जीनोम सुमारे ०.४ अब्ज बेस-जोड्यांचा, तर गव्हाचा सुमारे १६ अब्जांचा आहे. दक्षिण अमेरिकेतील फुप्फुसमाशाचा जीनोम सुमारे ९१ अब्जांचा असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी न्यू कॅलेडोनिया बेटांवरील 'मेसिप्टेरिस ऑब्लान्सिओलाटा' या नेचेवर्गीय वनस्पतीचा जीनोम १६० अब्जांचा असल्याचे नोंदले गेले आणि हा आजवरचा सर्वांत मोठा मापित जीनोम ठरला.

येथे पाठ्यपुस्तकांतील एका जुन्या चुकीचा निर्देश करणे आवश्यक आहे. 'अमीबा डुबिया' या एकपेशीय सजीवात ६७० अब्ज बेस-जोड्या असतात, हे उदाहरण विरोधाभास ठसवण्यासाठी अद्यापही दिले जाते. ते मापन १९६० च्या दशकातील ढोबळ रासायनिक पद्धतीने केलेले असून आजच्या निकषांवर विश्वसनीय मानले जात नाही. परिणामकारक उदाहरण सोडवत नाही, म्हणून ते टिकून राहिले आहे. विरोधाभास सिद्ध करण्यास कांदा पुरेसा असताना अमीबाची गरज नाही.

दुसरी संकल्पना जटिलतेची. येथे मराठीत खरा घोटाळा होतो. इंग्रजीतील 'कॉम्प्लेक्सिटी' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. सजीवाच्या शरीररचनेची गुंतागुंत हा एक अर्थ, तर डीएनएच्या अनुक्रमाची जटिलता हा दुसरा. दुसरा अर्थ काटेकोर आणि मोजता येण्याजोगा आहे. जीनोममधील परस्परांहून भिन्न असलेल्या अनुक्रमांची एकूण लांबी म्हणजे त्याची जटिलता. समजा, एखाद्या रेणूत १० बेसांचा एक तुकडा १,००० वेळा आला आहे आणि त्याखेरीज १,००० बेसांचा एक तुकडा एकदाच आला आहे. अशा रेणूचा आकार ११,००० असेल, पण जटिलता केवळ १,०१०.

हा भेद मराठी वाचकाला समजावणे कठीण नाही. अभंगाच्या छापील गाथेत ध्रुपद एकदाच छापले जाते आणि पुढे केवळ खुणेने दर्शवले जाते. कीर्तनकार मात्र प्रत्येक कडव्यानंतर ते पुन्हा म्हणतो. गायिलेल्या अभंगाची लांबी म्हणजे जीनोमचा आकार आणि छापील अभंगाची लांबी म्हणजे त्याची जटिलता. शरीररचनेशी यांपैकी कोणत्याच लांबीचा थेट संबंध नाही. 'जटिलता' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरणारी आपली क्रमिक पुस्तके हा भेद पुसून टाकतात.

ही छापील लांबी मोजायची कशी, याचे उत्तर रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोन यांनी १९६८ साली दिले. डीएनएचे लहान तुकडे करून ते तापवले, की दुपेडी रेणूचे दोन पेड विलग होतात. मग द्रावण सावकाश निववले, की प्रत्येक पेड आपला जोडीदार शोधू लागतो. दादर स्थानकाच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत विशिष्ट एका व्यक्तीला गाठायचे तर वेळ लागतो, परंतु एखाद्या शाळेच्या गणवेशातील कोणताही मुलगा चालणार असेल आणि पुलावर तशी हजार मुले असतील, तर भेट क्षणात होते. त्याचप्रमाणे जो अनुक्रम लाखो प्रतींत आहे तो त्वरेने जुळतो आणि जो एकदाच आहे तो अतिशय सावकाश. डीएनएची आरंभीची संहती आणि काळ यांच्या गुणाकाराला 'कॉट' म्हणतात व त्यावरून काढलेला आलेख 'कॉट-वक्र' म्हणून ओळखला जातो. उंदराच्या डीएनएपैकी सुमारे दहावा हिस्सा एकाच लहान अनुक्रमाच्या दहा लाखांच्या घरातील प्रतींचा बनलेला आहे, ही गोष्ट याच पद्धतीने उघड झाली. पुनरावृत्त डीएनएची संकल्पना खऱ्या अर्थाने येथून सुरू होते.

महाराष्ट्रात या पद्धतीचा पद्धतशीर वापर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला. प्रभाकर रांजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तृणधान्ये, भरडधान्ये व कडधान्ये यांच्या जीनोममधील पुनरावृत्त अनुक्रमांचा अभ्यास केला. नाचणीच्या डीएनएतील अनुक्रम-रचनेवरील विद्या गुप्ता आणि रांजेकर यांचे संशोधन १९८१ साली प्रसिद्ध झाले. नाचणी हे कोकणच्या व घाटमाथ्यावरच्या कष्टकऱ्यांचे धान्य. त्याच्या जीनोमचे असे मूलभूत विश्लेषण चार दशकांपूर्वी आपल्याच राज्यात झाले असताना आपल्या वर्गांत मात्र उंदीर आणि वासराचेच दाखले दिले जातात, याची खंत वाटते.

३. 'जंक' या शब्दाचा मराठी अवतार

'जंक डीएनए' ही संज्ञा प्रचलित झाली ती सुसुमु ओनो यांच्या १९७२ मधील लेखामुळे. ओनो यांचा युक्तिवाद गणिती होता. मानवाचा सारा डीएनए जनुकांनी भरलेला असता, तर प्रत्येक पिढीत होणाऱ्या उत्परिवर्तनांचा भार मानवजातीला पेलवला नसता. त्यामुळे डीएनएचा फार थोडा भागच कार्यक्षम असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. उरलेल्या भागात मृत जनुकांचे, म्हणजे कधीकाळी कार्यरत असलेल्या आणि प्रतिकृती झाल्यावर निकामी पडलेल्या जनुकांचे अवशेष असावेत, असे त्यांचे मत होते. १९८० साली डूलिटल व सपिएन्झा आणि ऑर्गेल व क्रिक या दोन जोड्यांनी स्वतंत्र लेखांत दुसरे कारण पुढे केले. काही अनुक्रम स्वतःच्या प्रती वाढवण्याच्या क्षमतेवरच टिकून राहतात, यजमान सजीवाला त्यांचा उपयोग असो वा नसो. अशा अनुक्रमांना त्यांनी 'स्वार्थी डीएनए' म्हटले. अशा फिरत्या घटकांचे अस्तित्व बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील रंगछटांच्या अभ्यासातून १९४० च्या दशकातच दाखवले होते. त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळायला त्यांना १९८३ साल उजाडावे लागले.

'जंक' या शब्दाची निवड ढिसाळ होती, असे अनेकदा म्हटले जाते. सिडनी ब्रेनर यांनी मात्र १९९८ साली तिचे मार्मिक समर्थन केले. त्यांच्या मते निरुपयोगी वस्तूंचे दोन प्रकार असतात. एक टाकून दिला जातो, दुसरा घरात ठेवला जातो. जीनोममधील अतिरिक्त डीएनए दुसऱ्या प्रकारात मोडतो. मराठी भाषांतरांनी नेमका हा भेद गमावला. 'कचरा' ही टाकून देण्याचीच वस्तू आहे आणि जी अद्याप टाकलेली नाही, ती आळसामुळे किंवा निष्काळजीपणामुळे राहिली, असा दोषारोप त्या शब्दात अध्याहृत आहे. 'टाकाऊ' हा शब्द तर तिचे भवितव्यच सांगून मोकळा होतो. 'निरुपयोगी' हे विशेषण वरकरणी तटस्थ असले, तरी ते त्रिकालाबाधित निर्णय देते. आज उपयोग नाही, एवढेच म्हणण्याची सोय त्यात नाही.

आश्चर्य असे, की ब्रेनर यांना जो अर्थ समजावून सांगावा लागला, तो अर्थ नेमका वाहणारा शब्द मराठीत पूर्वापार आहे. तो म्हणजे 'अडगळ'. गिरगावातील चाळीत दहा बाय बाराच्या खोलीवर लाकडी माळा असे. त्यावर तांब्याचा बंब, फुटक्या काचेची तसबीर, कुलूप हरवलेली ट्रंक, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा अशा वस्तू पिढ्यान्‌पिढ्या पडून असत. त्यांना कुणी कचरा म्हणत नसे, कारण कचरा रोज सकाळी घराबाहेर जात असे. अडगळ घरातच राहते. ती जागा अडवते, तिच्यापासून सहसा उपद्रव होत नाही, क्वचित ती डोक्यावर पडते आणि क्वचित तिच्यातून एखादी वस्तू काढून वापरली जाते. गणपतीचे मखरही त्याच माळ्यावर असे, पण ते अडगळ नव्हे. त्याचे काम ठरलेले असते आणि वर्षातून एकदा ते खाली उतरते. माळ्यावर आहे म्हणून अडगळ, असे समीकरण चुकीचे आहे. जनुकाबाहेर आहे म्हणून निरुपयोगी, हे समीकरणही तितकेच चुकीचे. गुणसूत्राच्या मध्यबिंदूवरील आणि टोकांवरील पुनरावृत्त अनुक्रमांना ठरलेली कामे आहेत. ते मखरासारखे आहेत.

४. परळचा पुरावा

शब्दांची ही चर्चा केवळ पारिभाषिक आहे असे कुणास वाटू नये, यासाठी आपल्या शहराशी निगडित असलेले एक उदाहरण सविस्तर पाहू.

डीएनएच्या दुपेडी रचनेचा शोध लागण्याच्या एक वर्ष आधी, १९५२ साली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्तात ए, बी हे प्रतिजन नव्हतेच, पण ओ गटाच्या रक्तावर असणारा एच हा पायाभूत प्रतिजनही नव्हता, असे त्यात नोंदले होते. हाच पुढे 'बॉम्बे' रक्तगट म्हणून जगभर ओळखला गेला. अशा व्यक्तीचे रक्त नेहमीच्या चाचणीत ओ गटाचे भासते. तिच्या रक्तद्रवात मात्र एच प्रतिजनाविरुद्ध प्रबळ प्रतिद्रव्ये असतात. ओ गटाचे रक्त दिल्यास ते नष्ट होऊन रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. बॉम्बे गटाच्या रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते आणि भारतात असे लोक दहा हजारांत एक या प्रमाणात असावेत, असा अंदाज दिला जातो. १९५७ साली मुंबईत सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून पुढे विकसित झालेली, परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्था अशा दुर्मीळ रक्तगटांच्या अभ्यासासाठी ओळखली जाते.

पदवीच्या प्रत्येक आनुवंशिकीच्या वर्गात हे उदाहरण शिकवले जाते. ते शिकवले जाते बीजगणित म्हणून. मोठा एच, छोटा एच. दोन छोटे एच एकत्र आले की ए आणि बी झाकले जातात. हा झाला अप्रभावी प्रबलतेचा नमुना. विद्यार्थी तक्ता काढतो, गुणोत्तर मांडतो आणि गुण मिळवतो. त्या छोट्या एच अक्षरामागे डीएनएत नेमके काय घडले आहे, हा प्रश्न विचारला जात नाही. उत्तर उपलब्ध होऊन पाव शतक उलटले आहे.

एच प्रतिजन घडवणारी दोन जनुके एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत. 'एफयूटी १' हे जनुक लाल पेशींवर, तर 'एफयूटी २' हे लाळेसारख्या स्रावांत एच प्रतिजन तयार करणारे विकर देते. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत दोन्ही ठिकाणी एच नसतो, म्हणजे दोन्ही जनुके निकामी असावी लागतात. १९९७ साली कोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बॉम्बे गटाच्या व्यक्तींबाबत हा उलगडा केला. एफयूटी १ मध्ये ७२५ व्या स्थानी टी या बेसच्या जागी जी आलेला होता, त्यामुळे विकरातील २४२ वे अमिनो आम्ल बदलले होते. एफयूटी २ मध्ये एखादे अक्षर बदललेले नव्हते. ते जनुकच तेथे नव्हते. सुमारे दहा हजार बेस-जोड्यांचा पट्टा नाहीसा झाला होता. तो कसा गेला, याचे उत्तर त्याच गटाने २००० साली दिले : आलू अनुक्रमांमुळे.

'आलू' हा मानवी जीनोममधील सर्वाधिक संख्येचा फिरता घटक आहे. ज्या जिवाणूजन्य विकराने तो प्रथम ओळखता आला, त्यावरून हे नाव पडले. लांबी सुमारे ३०० बेस-जोड्या, प्रती दहा लाखांहून अधिक, आणि जीनोमचा सुमारे दहावा हिस्सा एकट्या आलूने व्यापलेला. तो केवळ वानरकुलात आढळतो. मानवी शरीराच्या नेहमीच्या व्यवहारात यांतील बहुसंख्य प्रतींचे कोणतेही काम नाही. परंतु एकसारखे दिसणारे दोन तुकडे जवळजवळ असले, की डीएनएच्या दुरुस्तीच्या किंवा विनिमयाच्या वेळी एकाची जोडी चुकून दुसऱ्याशी लागू शकते आणि मधला भाग गळून पडतो. एफयूटी २ चे तसेच झाले. पूर्वी कधीतरी, कुणा एका पूर्वजात, आलूच्या आधाराने हा पट्टा गळाला. रेयुनियाँ बेटावरील भारतीय वंशाच्या बॉम्बे गटाच्या व्यक्तींतही एफयूटी १ मधील तोच बदल आणि एफयूटी २ चा तोच अभाव एकत्र आढळल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. हे दोन दोष एकमेकांना चिकटून वारसाने चालत आले आहेत, या तर्काला त्यामुळे बळकटी मिळते.

या परिसराकडे आणखी बारकाईने पाहिले, तर पुनरावृत्तीचे सर्व प्रकार तेथे एकत्र नांदताना दिसतात. एफयूटी १ आणि एफयूटी २ ही मुळात एकाच प्राचीन जनुकाच्या प्रतिकृतींतून निर्माण झालेली भावंडे आहेत. त्यांच्या शेजारी 'एसईसी १' नावाचे तिसरे भावंड आहे, जे मानवात मृत जनुक म्हणून पडून आहे. ओनो ज्याला जंक म्हणत होते, त्याचा हा अस्सल नमुना. आणि सभोवती आलूच्या प्रती, म्हणजे डूलिटल आणि ऑर्गेल यांचा स्वार्थी डीएनए. एका प्रतिकृतीला लाल पेशींचे काम मिळाले, दुसरीला स्रावांचे, तिसरी निकामी झाली आणि बाहेरून आलेल्या प्रतींनी दुसरीचा घात केला. यांतील कोणता भाग कचरा म्हणायचा? पुनरावृत्ती नसती तर दोन जनुके झाली नसती आणि पुनरावृत्ती नसती तर त्यांतील एक अशा रीतीने गेलेही नसते.

येथे हानी म्हणावी तर तीही एकेरी नाही. एफयूटी २ निकामी असलेल्या व्यक्तींना नोरोव्हायरसच्या अनेक प्रचलित प्रकारांची बाधा सहसा होत नाही, कारण या विषाणूला आतड्यात चिकटण्यासाठी जो रेणू लागतो, तोच त्यांच्यात नसतो. एकच तूट रक्तपेढीत संकट ठरते आणि साथीत संरक्षण.

या उदाहरणाला व्यावहारिक बाजूही आहे. आजच्या अनेक जनुकीय चाचण्या जीनोममधील केवळ प्रथिने घडवणारा, म्हणजे एक ते दोन टक्के भाग वाचतात. आलूमुळे पडलेल्या तुटीच्या कडा जनुकाबाहेरच्या पुनरावृत्त पट्ट्यांत असल्याने अशा वाचनातून त्या सहज निसटतात. ज्या विद्यार्थ्याने 'उरलेला कचरा' हे वाक्य पाठ केले, तो उद्या प्रयोगशाळेत बसून अहवाल लिहिणार आहे. न वाचलेल्या भागात शोधण्याजोगे काही असू शकते, ही शंकाच त्याला येणार नाही. वर्गातील शब्दाची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते, ती अशी.

५. दुसरे टोक

'कचरा' या शब्दाची प्रतिक्रिया म्हणून दुसरे टोक गाठले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये 'एनकोड' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने मानवी जीनोमचा ८० टक्के भाग कोणत्या ना कोणत्या जैवरासायनिक कार्याशी निगडित असल्याचे जाहीर केले. जगभरच्या वृत्तपत्रांनी जंक डीएनएचा मृत्युलेख लिहिला आणि मराठी वृत्तपत्रीय लेखनातही त्याचे पडसाद उमटले. पुढच्याच वर्षी डॅन ग्राउर आणि फोर्ड डूलिटल यांनी स्वतंत्रपणे या दाव्याचा कठोर समाचार घेतला. डीएनएच्या एखाद्या भागाला प्रथिन चिकटले किंवा त्याची आरएनए प्रत निघाली, एवढ्याने त्याला कार्य आहे असे ठरत नाही. माळ्यावरच्या ट्रंकेला कुणाचा हात लागला, याचा अर्थ ट्रंक वापरात आहे असा होत नाही. निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या जीनोमची तुलना करून नैसर्गिक निवडीने जपलेला मानवी डीएनएचा भाग सुमारे ८ टक्के असल्याचा अंदाज २०१४ साली मांडला गेला. त्याच वर्षी एनकोडच्या संशोधकांनीही आपल्या भूमिकेला मुरड घातली.

रायन ग्रेगरी यांनी २००७ साली अशा दाव्यांसाठी एक सोपी कसोटी सुचवली होती. अतिरिक्त डीएनएला सार्वत्रिक कार्य आहे असे म्हणणाऱ्याने एवढेच सांगावे, की त्या कार्यासाठी कांद्याला माणसाच्या पाचपट डीएनए का लागतो. प्रयोगशाळेतील आपल्या कांद्याने ही कसोटी आपोआप आपल्या हाती दिली आहे. तिचा प्रत्यय देणारे उलट उदाहरणही आहे. कासच्या पठारावर पावसाळ्यात फुलणारी 'सीतेची आसवे' ज्या वनस्पतिवंशातील आहेत, त्याच वंशातील 'युट्रिक्युलेरिया गिबा' या कीटकभक्षी वनस्पतीचा जीनोम अवघा ८.२ कोटी बेस-जोड्यांचा असून त्यात पुनरावृत्त डीएनए सुमारे तीन टक्केच असल्याचे २०१३ साली आढळले. तिची जनुके इतर वनस्पतींपेक्षा लक्षणीय कमी नाहीत. माळा नसलेल्या घरातही संसार नीट चालतो, असा त्याचा अर्थ.

'निसर्गात काहीही व्यर्थ नसते' हे विधान ऐकायला भारदस्त वाटते, पण ते जीवशास्त्राचे विधान नाही. अडगळ साचते, कारण ती आवरण्याचा लाभ आवरण्याच्या खर्चापेक्षा कमी असतो. जिवाणूंच्या प्रचंड संख्येत किंचितशा तोट्यालाही नैसर्गिक निवड पकडते. माणसासारख्या तुलनेने अल्पसंख्य, सावकाश वाढणाऱ्या सजीवात तो तोटा निवडीच्या नजरेआड राहतो. मायकेल लिंच आणि जॉन कोनेरी यांनी २००३ साली मांडलेला हा विचार अतिरिक्त डीएनएला उद्देश चिकटवल्याविना त्याचे अस्तित्व स्पष्ट करतो.

६. 'अडगळ' : समर्थन आणि मर्यादा

वरील दोन्ही टोकांचा दोष एकच आहे. दोन्ही पक्ष डीएनएच्या प्रत्येक तुकड्याला 'याचा उपयोग काय?' हाच प्रश्न विचारतात आणि एकाच शब्दात निकाल मागतात. अडगळ हा शब्द असा निकाल देत नाही. त्या शब्दात राहणे आहे, निर्हेतुकता आहे, संभाव्यता आहे आणि धोकाही आहे. सस्तन प्राण्यांच्या वारेत पेशी एकत्र जोडणारे 'सिन्सिटिन' हे प्रथिन प्राचीन विषाणूच्या अवशेषातून आले. सर्पाच्या गुणसूत्रातील पुनरावृत्त अनुक्रमापासून लालजी सिंह यांनी विकसित केलेला शोधक हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए-ठशांसाठी उपयोगी पडला. माळ्यावरून काढलेली वस्तू अशीही कामाला येते. पण ती त्या कामासाठी तेथे ठेवलेली होती असे म्हणणे हा कार्यकारणभावाचा विपर्यास होय. दहा लाख आलू प्रतींपैकी काही थोड्या प्रती उपयोगी ठरल्या, यावरून उरलेल्याही उपयोगी असल्या पाहिजेत असे सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे आलूमुळे एफयूटी २ गळाले, हा आलूचा परिणाम आहे, आलूचे कार्य नव्हे. परिणाम आणि कार्य यांतील हा भेद विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे हेच या प्रकरणाच्या अध्यापनाचे मुख्य उद्दिष्ट असले पाहिजे.

साहित्याच्या अध्यापकांना हा शब्द परका वाटणार नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'हिंदू' या कादंबरीच्या उपशीर्षकातच अडगळीला 'समृद्ध' हे विशेषण लावलेले आहे. संस्कृतीच्या संदर्भात जो शब्द गंभीरपणे वापरता येतो, तो विज्ञानाच्या परिभाषेत हलका ठरण्याचे कारण नाही.

या पर्यायाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. अडगळ स्वतःहून वाढत नाही, तर फिरते डीएनए घटक स्वतःच्या प्रती काढतात. त्यामुळे त्यांच्या संदर्भात 'स्वार्थी डीएनए' ही स्वतंत्र संज्ञा आवश्यकच राहील. दुसरे असे, की 'पुनरावृत्त डीएनए' आणि 'अडगळ डीएनए' हे समानार्थी शब्द नव्हेत. पुनरावृत्त डीएनए हे अनुक्रमाचे वर्णन आहे, अडगळ हे त्याच्या उपयुक्ततेविषयीचे आजचे अनुमान आहे. पुनरावृत्त असून कार्यक्षम आणि एकमेव असून निष्क्रिय, असे दोन्ही प्रकार जीनोममध्ये आहेत. तिसरे, ही संज्ञा वापरताना आपले ज्ञान अपुरे असल्याची जाणीव ठेवली पाहिजे. २००३ साली 'पूर्ण' म्हणून जाहीर झालेल्या मानवी जीनोममध्ये सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता आणि तो बहुतांशी पुनरावृत्त अनुक्रमांचाच होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे वाचन २०२२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सुमारे २० कोटी बेस-जोड्यांची भर पडली.

७. समारोप

प्रस्तुत विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. एक, जीनोमचा आकार, अनुक्रमाची जटिलता आणि शरीररचनेची गुंतागुंत या तीन भिन्न गोष्टी असून त्यांच्यासाठी मराठीत तीन भिन्न शब्द कटाक्षाने वापरावे लागतील. दोन, 'कचरा', 'टाकाऊ' व 'निरुपयोगी' हे प्रतिशब्द टाळून 'अडगळ डीएनए' ही संज्ञा स्वीकारल्यास मूळ संकल्पना अधिक यथार्थपणे व्यक्त होईल. तीन, बॉम्बे रक्तगटाचे उदाहरण केवळ गुणोत्तराच्या तक्त्यापुरते न शिकवता त्यामागील बदललेले एक अक्षर, गळालेला दहा हजार बेस-जोड्यांचा पट्टा आणि त्याला कारण झालेले आलू अनुक्रम यांसह शिकवले जावे.

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी पाडून तेथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्या घरांना माळे नाहीत, आणि माळा म्हणजे काय हे पुढच्या पिढीतील विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागेल. तोपर्यंत तरी हा शब्द आपल्या वर्गांत जिवंत आहे. बॉम्बे रक्तगटावरील पुढच्या व्याख्यानात छोटा एच फळ्यावर लिहून झाल्यावर खडू खाली ठेवू नये. त्या अक्षराच्या आत काय घडले, ते सांगायला दहा मिनिटे पुरतील.